अपेक्षा : समजूतदार, स्थिर, रायपूर असल्यास उत्तम

मोहरी कुठे अडते, या विषयावर मी डॉक्टरेट केली आहे. प्रबंधाचं खरं नाव चार ओळींचं आहे आणि त्यात मोहरी हा शब्द येत नाही, 'कणमय माध्यम' असा येतो. पण प्रयोगशाळेत नरसाळं होतं, नरसाळ्यात मोहरी होती आणि ती अडली की किती वाजले ते मी वहीत लिहीत असे. हे अकरा वर्षं चाललं. माझी बायको सुजाता हिला त्यातली एकच गोष्ट लक्षात राहिली आहे. ती म्हणजे एवढ्या वर्षांत मी घरी फोडणीपुरतीही मोहरी आणली नाही.

बेचाळिसाव्या वर्षी नावामागे डॉक्टर लागलं. त्या वेळी मी अतिथी व्याख्याता होतो, आणि लागल्यावरही तोच राहिलो. अतिथी म्हणजे ज्याने फार वेळ थांबू नये असं घरातल्या सगळ्यांना मनातून वाटत असतं तो. कॉलेजने ते या एप्रिलमध्ये मनातून काढून कागदावर आणलं: पुढच्या सत्रापासून अतिथी बंद.

ही बातमी रायपूरहून नागपूरला रेल्वेपेक्षा लवकर पोचली. माझा मेहुणा यशदीप याचा नागपुरात कोचिंग क्लास आहे. त्याचा फोन आला.

"भाऊजी, काहून टेन्शन घेऊन राहिले? या इकडे. फिजिक्सची जागा खालीच आहे."

यशदीपच्या क्लासमध्ये नियम गाण्याच्या चालीवर शिकवतात. शिक्षकांना चौकातल्या फ्लेक्सवर हाताची घडी घालून उभं राहावं लागतं आणि प्रत्येकाला एक टोपणनाव असतं. केमिस्ट्रीच्या सरांना 'मोल भैया' म्हणतात. ते गृहस्थ एकोणसाठ वर्षांचे आहेत. माझं नाव यशदीपने ठरवून ठेवलं होतं: टॉर्क मामा.

"पंधरा मेपर्यंत सांगा," तो म्हणाला. "फ्लेक्स छापायले टाकाचे आहेत."

सुजाता इथल्या, छत्तीसगडच्या मंत्रालयात आहे, त्यामुळे तिला कुठल्याही गोष्टीची अंतिम तारीख सांगितली की बरं वाटतं. "मी काही म्हणून नाही राहिली," ती म्हणाली. "पंधरा तारखेपर्यंत इथं रायपुरात काही झालं तर ठीक. नाही तर मी दर शनिवारी नागपूरले येईन. तुले चौकात पाहून घेईन."

म्हणून मी इंडस्ट्रीत जायचं ठरवलं. भौतिकशास्त्रात 'इंडस्ट्री' म्हणजे विद्यापीठाच्या फाटकाबाहेरचं सगळं जग. फाटकाला टेकून उभा असलेला समोसेवाला व्याख्येनुसार इंडस्ट्रीतच मोडतो, आणि आमच्या विभागातल्या बऱ्याच लोकांना त्याचा हेवा वाटत असे.

माझा बायोडाटा चौदा पानी होता. वरच्या मजल्यावर पियुष राहतो. वय चोवीस, एमबीए, दिवसभर फोनवर लोकांना नोकऱ्या लावतो किंवा लावत नाही. मराठी सगळं कळतं, बोलतो हिंदीत. त्याने चौदा पानं हातात घेऊन वजन पाहिलं.

"अंकल, ये क्या है? लोग छह सेकंड देखते हैं."

मग तो बसला आणि त्याने माझी अकरा वर्षं कापायला घेतली. सात शोधनिबंध होते, त्यांची आधी एक ओळ झाली, मग ती ओळही गेली. प्रबंधाचं नाव गेलं. नऊ वर्षांचं अध्यापन गेलं, कारण "इंडस्ट्रीवाले टीचर से डरते हैं, अंकल, बचपन से." शेवटी त्याने विवाहित हा शब्द खोडला.

"तो तरी राहू दे," मी म्हणालो.

"आजकल मॅरिटल स्टेटस नहीं डालते. बायस होता है."

उरलं काय, तर नाव, जन्मतारीख, 'डॉक्टरेट, पदार्थविज्ञान' आणि फोन नंबर. खाली पाऊण पान कोरं.

आमच्या चौबे कॉलोनीत कोरी जागा फार काळ कोरी राहत नाही. तिथे कोणी तरी स्कूटर लावतं. माझ्या पाऊण पानावर नरहरी काकाजी आले. काकाजी शेजारचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त. अजूनही ते कुठलीही गोष्ट हिरवा झेंडा दाखवल्यासारखी सांगतात.

"हे काय, कागद रिकामाच? समोरच्याले वाटन, पोट्ट्यात काही दमच नाही. लिही, उंची."

"काकाजी, उंची काहून?"

"फॅक्टरी आहे ना बाबू. मशीनले हात पुरला पाहिजे."

मी पाच फूट आठ इंच लिहिलं. मग वडील रेल्वेत होते हे लिहिलं, कारण काकाजींच्या मते रेल्वेचं नाव पाहून माणूस नरम होते. स्वतःचं घर आहे हे लिहिलं, म्हणजे सोडून पळणार नाही असं वाटते. रक्तगट लिहिला, तो अपघातासाठी. निर्व्यसनी लिहिलं. शाकाहारी लिहिताना मी थांबलो आणि म्हणालो की मी अंडी खातो.

"अंडं नोकरी लागल्यावर," काकाजी म्हणाले.

फोटो हवा होता. माझा बरा फोटो एकच, यशदीपच्या लग्नातला, फेट्यातला. पियुषने फेटा ठेवला आणि शेजारची सुजाता कापली. माझ्या खांद्यावर तिची चार बोटं राहिली होती, ती त्याने वेगळी पुसली. मग तो म्हणाला, "एक्सपेक्टेशन भी डालो अंकल, पूछते ही हैं." मी प्रामाणिकपणे विचार करून लिहिलं: 'अपेक्षा : समजूतदार, स्थिर, प्रगतीला वाव देणारे. रायपूर असल्यास उत्तम. दीर्घकाळ साथ देण्याची तयारी.'

पंडरीत एका कपड्याच्या दुकानावर आमच्या वऱ्हाड स्नेह मंडळाची खोली आहे. तिथे त्या रविवारी उद्योजक मेळावा होता. कारखानदार मराठी लोक नोकरी शोधणाऱ्या मराठी लोकांना भेटणार, असा बेत. मला जायची लाज वाटत होती. काकाजी म्हणाले, "दे मले, मी देतो."

पुढे जे झालं ते मला आठवड्याने कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे निदान तुमची तरी फजिती व्हायला नको. मंडळाच्या टेबलावर मंदाकिनीबाई बसतात. त्यांच्यापुढे दोन फायली असतात. निळी उद्योजक मेळाव्याची आणि लाल वधू-वर मंडळाची. काकाजी एवढंच म्हणाले, "आमच्या पोट्ट्याचा बायोडाटा." बाईंनी कागद पाहिला. फेट्यातला फोटो. उंची. रक्तगट. शाकाहारी. अपेक्षा. त्यांनी लाल फाईल उघडली, त्यात 'चाळिशीपुढील' असा एक कप्पा आहे, तिथे मला ठेवलं.

मी बाईंना दोष देत नाही. तो कागद आज मी स्वतः वाचतो तेव्हा मलाही माझ्यासाठी एखादी समजूतदार, स्थिर मुलगी पाहावीशी वाटते.

सात मेला फोन आला. "मी बाबाराव बोलतो. आमचा भनपुरीत कारखाना आहे, राइस मिलची मशीनरी बनवतो. तुमचा बायोडाटा पाहिला. आवडला. रविवारी घरीच या, समता कॉलोनीत. सोबत कोणी मोठं माणूस असलं तर बरं."

इंटरव्ह्यू, तोही घरी, रविवारी आणि सोबत मोठं माणूस. मी पियुषला विचारलं.

"कल्चर फिट राउंड होगा," तो म्हणाला. "बडा आदमी मतलब रेफरेंस चेक." मी काकाजींना सोबत घ्यायचं ठरवलं.

सुजाताने शर्टाला इस्त्री केली आणि हातात पेढ्यांचा डबा दिला. "पेढे नोकरी लागल्यावर असतात," मी म्हणालो. "घरी बोलावलं ना त्यायनं? मग रिकाम्या हातानं जाशील का?" ती म्हणाली. माझ्या बायकोने मला स्वतःच्या हाताने इस्त्री करून, पेढे देऊन मुलगी बघायला पाठवलं, ही गोष्ट मी तिला अजूनही अधूनमधून ऐकवतो. तिच्यावर काही परिणाम होत नाही.

बाबाराव सत्तरीचे, पांढरा बुशशर्ट, यवतमाळहून चाळीस वर्षांपूर्वी आलेले. समोरच्या सोफ्यावर अडतीस-एक वर्षांची बाई मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. "ही ज्ञानदा, माही मुलगी. कारखाना आता हीच पाहते," ते म्हणाले. माझ्या मनाने नोंद घेतली: बॉस. मी उठून नमस्कार केला. तिने मान हलवली. पोहे आले, जलेबी आली, मधोमध एका वाटीत फुटाणे आले. काकाजींनी जलेबी आपल्याकडे ओढली.

"घरचे कोणी नाही आले?" बाबारावांनी विचारलं.

"काकाजी आहेत ना."

"लहानपणापासून पाहून राहिलो मी याले," काकाजी जलेबीतून म्हणाले. "घरातलाच समजा."

बाबारावांनी आवाज थोडा उतरवला. "डॉक्टरसाहेब, राग नका मानू. आधीचं कसं तुटलं?"

"तुटलं असं नाही, मुदत संपली," मी म्हणालो. "दर वेळी अकरा महिन्यांचा करार असायचा."

"अकरा महिन्यांचा."

"अकरा महिने झाले की एक महिना ब्रेक. मग पुन्हा नव्याने. नऊ वर्षं असंच चाललं."

बाबारावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "आणि त्या लोकायले चालत होतं?"

"आजकाल सगळीकडे असंच आहे. मध्ये दोन वर्षं मी दोन ठिकाणी होतो. सकाळी एक, दुपारी एक. एकमेकांना माहीत होतं, तक्रार कोणाचीच नव्हती."

"हव," बाबाराव म्हणाले. रायपुरात चाळीस वर्षं राहिलेला माणूस दुसरं काही सुचलं नाही की हव म्हणतो. "मुलंबाळं?"

"पहिल्या ठिकाणी ऐंशी. दुसऱ्या ठिकाणी तीसच, पण हुशार."

हे ऐकून ते मोठ्याने हसले आणि काकाजींना म्हणाले की माणूस गमत्या आहे. इंटरव्ह्यूत समोरचा हसला तर आपण हसायचं की नाही, हे पियुषने सांगितलं नव्हतं.

"तुमची अपेक्षा वाचली मी. पोट्टी जरा कडक आहे, आधीच सांगतो."

"मला बाईंच्या हाताखाली राहायची सवय आहे," मी म्हणालो. "चूक दाखवली तर मी मुकाट्याने ऐकतो. फक्त अधूनमधून कौतुक झालं तर बरं वाटतं."

बाबारावांचे डोळे ओले झाले. हे मी कल्पनेने सांगत नाही, त्यांनी चष्मा काढून पुसला. "असा माणूस मी दहा वर्षांपासून शोधून राहिलो होतो," ते म्हणाले. "मग, विचार करायले वेळ पाहिजे का?"

पियुषने बजावून ठेवलं होतं की लगेच हो म्हणायचं नाही, भाव जातो.

"दोन दिवस द्या," मी म्हणालो. "बायकोला विचारून सांगतो."

पंख्याचा आवाज आधीपासून येत असणार, पण तो मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

"चांगली आहे हो बायको याची," काकाजी मदतीला धावले. "सुजाता. मंत्रालयात आहे."

बाबारावांनी कपाटावरून प्लास्टिकच्या पाकिटातला माझा बायोडाटा आणला आणि माझ्यापुढे ठेवला. वरच्या कोपऱ्यात लाल शिक्का होता: वधू-वर विभाग, वर क्रमांक ४३. मी त्या शिक्क्याकडे पाहिलं. मग फोटोकडे पाहिलं. फेटा बांधून मी स्वतःकडेच अपेक्षेने बघत होतो.

पहिल्यांदा ज्ञानदाने मोबाईल खाली ठेवला. "बाबा, मी म्हटलं होतं तुमाले. बेचाळीस वर्षांचा, निर्व्यसनी, घर स्वतःचं आणि अजून खाली? काही तरी गडबड असनच." मग ती माझ्याकडे वळली. "म्हणजे तुम्ही नोकरी मागायले आले होते. कोणती?"

त्या घटकेला मला नोकरी नको होती, फक्त चपला हव्या होत्या. पण तारीख दहा झाली होती आणि नागपुरात फ्लेक्सवाला थांबला होता. "माझं संशोधन आहे," मी म्हणालो, "नरसाळ्यात मोहरी कुठे अडते यावर."

"अडते, म्हणजे? तोंडाशी?"

"तोंडाशी. दाणे एकमेकांना टेकून कमान करतात आणि वरचं सगळं थांबतं."

ज्ञानदा उठून माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसली. तिचा कारखाना धानासाठी हॉपर बनवतो. हॉपर म्हणजे लोखंडी नरसाळंच, फक्त त्यात माणूस मावेल एवढं. ओलसर धान त्याच्या तोंडाशी अडायचं आणि गेल्या हंगामात तीन मिलवाल्यांनी हॉपर परत पाठवले होते. "आमच्याकडे भीमाबाई आहे," ती म्हणाली. "अडलं की लाकडी हातोडा मारते. पण प्रत्येक हॉपरसोबत भीमाबाई देता येत नाही."

मी इकडेतिकडे पाहिलं. नरसाळं नव्हतं. मग मी माझा बायोडाटा पाकिटातून काढला, त्याचा शंकू केला, टोक दातांनी तोडलं आणि काकाजींना धरायला दिला. वरून फुटाणे ओतले. पाच-सहा पडले आणि अडले.

"असंच होते," बाबाराव म्हणाले. जावई गेल्याचं दुःख ते तात्पुरतं विसरले होते.

मी खिशातलं पेन काढून शंकूत आत धरलं, तोंडाच्या जरा वर. फुटाणे पेढ्यांच्या डब्याच्या झाकणात पडू लागले आणि वाटी संपेपर्यंत पडत राहिले.

"मधात आडकाठी टाकल्यावर सुटते?" ज्ञानदाने विचारलं.

"वरच्यांचा भार आडकाठी घेते. खाली कमान धरायला जोर राहत नाही."

"पुन्हा करा."

अकरा वर्षं मला माझे मार्गदर्शक 'पुन्हा करा' म्हणत आले, पण त्यात काही शोधायची उत्सुकता नसायची, जेवायला जायची असायची. आम्ही सात वेळा केलं. ज्ञानदाने मोबाईलवर वेळ मोजली. काकाजींचा हात भरून आला, पण त्यांनी शंकू सोडला नाही.

"कागदात जमलं. लोखंडात?" तिने विचारलं.

"लोखंडात मी कधी केलं नाही."

"उद्या या. गुरुवारपर्यंत पाहू."

घरी येऊन मी सुजाताला सगळं सांगितलं. ती हसेल किंवा चिडेल, दोन्हींची तयारी ठेवली होती. तिने विचारलं, "म्हणजे त्या पोट्टीनं तुले आधीच नाही म्हटलं होतं?"

"बहुतेक हो."

"काहून? काय खोट काढली माझ्या नवऱ्यात?"

ती रात्रीच्या जेवणापर्यंत धुमसत होती.

सोमवारी भनपुरीत मी हॉपरच्या आत आडवा दांडा वेल्ड करून घेतला, आकडेमोड करून, मिलीमीटरपर्यंत. धान ओतलं आणि ते असं अडलं की आधी कधी अडलं नव्हतं. सगळे कामगार बघायला आले. भीमाबाईने हातोडा माझ्यापुढे धरला. मंगळवारी दांडा खाली घेतला. मग धान एका बाजूने गळायला लागलं आणि माझ्या बुटांत गेलं. बुधवारी भीमाबाई शिडी चढली, हॉपरला कान लावून उभी राहिली आणि लोखंडावर खडूने फुली मारली. "इहां अटकथे, साहब," ती म्हणाली. फुली माझ्या आकडेमोडीपेक्षा चार बोटं वर होती. दाणा ओला असला की कमान वर बनते हे प्रबंधाच्या तळटीपेत मी स्वतः लिहिलं होतं. तळटीप कोणीच वाचत नाही, मीही नाही. दांडा फुलीवर लावला. गुरुवारी सकाळपासून दुपारपर्यंत धान अडलं नाही, आणि भीमाबाई हातोडा मांडीवर घेऊन माझ्याकडे जरा संशयाने पाहत बसली होती.

तारीख चौदा होती. ज्ञानदाने मला ऑफिसात बोलावलं.

"काम पसंत आहे. पण आमच्याकडे रेफरन्स लागते. आधीच्या ठिकाणचा कोणी सांगा."

मी कॉलेजला फोन लावला. ऑफिसने सांगितलं की अतिथींचं रेकॉर्ड ते ठेवत नाहीत. मार्गदर्शकांना लावला. ते झोपले होते. दुपारी दोन ते पाच ते झोपतात आणि उठल्यावर मी कोण हे आठवायला त्यांना वेळ लागतो. यशदीपचं नाव द्यायचं की काय, असा विचार मनात येऊन गेला.

"तुमची मिसेस सरकारी नोकरीत आहे ना?" ज्ञानदा म्हणाली. "मग चालते. लावा."

फोन स्पीकरवर होता. ज्ञानदाने आपलं नाव सांगितलं. मग सुजाता म्हणाली, "हो, माहीत आहे. तुम्ही नाही म्हणाल्या होत्या."

"ते वेगळं होतं, ताई. हे नोकरीसाठी. तुमच्याकडे किती वर्षं आहेत हे?"

"सोळा."

"काम कसं आहे?"

"सांगितलं की करते. सांगावं मात्र लागते. दोन कामं एका वेळी नका सांगू, पहिलं विसरून जाते."

"सोडून जायची सवय?"

"नाही. एक मोहरी अकरा वर्षं पाहत बसला होता तो."

मी खिडकीबाहेर पाहत होतो. माणसासमोर माणसाबद्दल असं बोलू नये, असं मला वाटत होतं. पण कोणी थांबेल असं दिसत नव्हतं.

"म्हणजे आम्ही घ्यावं असं तुमचं म्हणणं आहे," ज्ञानदा म्हणाली.

मी घड्याळाकडे पाहिलं, सवयीने. चौदा सेकंद गेले. मंत्रालयात फाईलवर सही करण्याआधी ती अशीच थांबत असावी.

"न्या," ती म्हणाली. "पण नऊ ते सहाच न्या. संध्याकाळी मले लागते."